तो पोरगा तुमचा कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गोव्यात बॉक्सिंगची स्पर्धा असली आणि मी डिचोलीहून तिथे पोचलो, की हा प्रश्न एकदा तरी येतोच. निकाल लागतो, जिंकलेल्याभोवती गर्दी होते, फोन वर होतात. मी जागेवरच बसून असतो. हरलेला दोरांतून वाकून खाली उतरला की उभा राहतो आणि टाळ्या वाजवतो. मग शेजारचा कुणीतरी विचारतो, "भाऊ, तो पोरगा तुमचा कोण?"

कोणी नाही. बहुतेक वेळा त्याचं नावही मला लाऊडस्पीकरवरूनच कळलेलं असतं.

एकदा मात्र होता. माझा भाचा. आम्ही घरचे आठ जण त्याची लढत बघायला गेलो होतो. दोन राउंड तो चांगला खेळला, तिसऱ्यात दमला, हात खाली यायला लागले. शेवटची घंटा झाली. रेफरी दोघांच्या मध्ये उभा, दोघांची मनगटं त्याच्या हातात. एक हात वर जातो आणि दुसरा तसाच त्याच्या मुठीत खाली राहतो, ते दृश्य जवळून पाहिलंय तुम्ही? खाली राहिलेला हात भाच्याचा होता. आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, "चला, नाहीतर गाडी अडकेल." आम्ही उठलो. मीही उठलो. दारात वळून पाहिलं तेव्हा तो रिंगमधून उतरून मान उंच करून आमची रांग शोधत होता. आठ खुर्च्या रिकाम्या. मग तो भिंतीला टेकून बसला आणि मनगटावरच्या पट्टीचं टोक दातांनी सोडवायला लागला. मी परत गेलो नाही. गाडीपाशी जाऊन थांबलो. ती गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही.

म्हणून १९ मार्च २०२१ ची रात्रही मला वेगळी लागली. पणजीत, मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या डेकवर विजेंदर सिंग लढला. बीजिंग २००८ चं ऑलिम्पिक ब्राँझ मिळवलेला, व्यावसायिक झाल्यावर सलग १२ लढती जिंकलेला माणूस आपल्या नदीवर खेळणार, म्हणून आम्ही शेजाऱ्यांकडे जमलो होतो. रशियाचा आर्तिश लोप्सान त्याच्याहून बराच तरुण आणि उंच. विजेंदर २०१९ नंतर रिंगमध्ये उतरलाच नव्हता. पाचव्या राउंडमध्ये रेफरीने लढत थांबवली आणि ज्या खोलीत अर्ध्या तासापूर्वी "आपला विजू" चाललं होतं, तिथेच लोक म्हणाले, "संपला. म्हातारा झाला." टीव्ही बंद. तो उतरताना कसा दिसत होता, कुणी पाहिलंच नाही. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तो रायपूरला परत उतरला आणि दुसऱ्याच राउंडमध्ये जिंकला. तेव्हा मात्र शेजाऱ्यांकडून फोन आला, "पाहिलंस काय?"

चूक काढू नये असं मी म्हणत नाही. डावा हात खाली पडत होता, पाय अडकत होते, दम पुरला नाही, हे बोलावंच. खेळ समजणारा माणूस ते बोलणारच. पण "संपला" हे खेळाबद्दलचं बोलणं नव्हे. तिकिटाचे पैसे मोजले म्हणून आम्हाला हक्क आहे, असं काही जण म्हणतात. तिकीट लढतीचं असतं, आणि लढत त्याने दिलेली असते. अंगावर घेऊन दिलेली असते.

लोकांच्या नजरेची ही भीती माणसाला कुठवर नेते, ते फ्लॉइड पॅटरसनकडे पाहिलं की कळतं. तो जगाचा हेवीवेट विजेता. १९६२ साली शिकागोत सनी लिस्टनने त्याला पहिल्याच राउंडमध्ये पाडलं. पॅटरसन खोटी दाढी-मिशी लावून तिथून निघाला. ती दाढी त्याने लढतीच्या आधीच सोबत आणली होती. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. हरलो तर लोकांसमोरून कसं जायचं, ही तयारी त्याला घरूनच करून यावी लागली.

आपल्याकडेही २०२४ ला पॅरिसमध्ये निखत झरीन चीनच्या वू यूकडून हरली. दोन वेळची विश्वविजेती, पण मानांकन नसल्यामुळे दुसऱ्याच लढतीत अव्वल खेळाडू समोर. वजन आटोक्यात ठेवायला दोन दिवस जेवले नाही, असं तिने सांगितलं, आणि रडत रडत माफी मागितली. कुणाची? आपली. घरात सोफ्यावर बसलेल्यांची. मला ते पाहवलं नाही.

आमच्या बाजूला, पेडण्याकडे तर जास्तच, जत्रेला दशावतार होतो. राक्षस दरवेळी मरतो, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. तरी पहाटे रंग पुसताना लोक त्याच्याकडे जाऊन म्हणतात, "काय लढलास रे!" ही दाद आपल्याला देता येते. तीच माणसं बॉक्सिंग बघायला आली की ती कुठे विसरतात?

तर माझं एवढंच काम. तो उतरेपर्यंत थांबायचं. पुष्कळ पोरं खाली बघूनच निघून जातात. गेल्या खेपेला निळ्या कोपऱ्यातला एक जण थबकला, मागे कोणी आहे का म्हणून त्याने वळून पाहिलं, मग ग्लोव्ह कपाळाला लावून पुढे गेला.

भाच्याने बॉक्सिंग त्याच वर्षी सोडलं. कारण त्याने कधी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

पुढच्या स्पर्धेला येणार असाल तर माझ्या शेजारीच बसा. गाडी मात्र जरा लांब, रस्त्याच्या कडेला लावा, म्हणजे निघायची घाई होणार नाही.