चार्जरची उघडझाप थांबली: घोडं हौद्याच्या अर्थिंगमध्ये पेंड खात होतं

मागची नोंद संपली तेव्हा माझ्या पिकअपच्या हौद्यात (मागच्या सामानाच्या भागात) बसवलेला ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या अल्टरनेटरच्या विजेने मागची दुसरी बॅटरी भरणारा, दर काही सेकंदांनी चालू-बंद होत होता. ती उघडझाप आता पूर्ण थांबली आहे. हेडलाइट, ब्लोअर आणि फ्रिज एकदम चालू ठेवले तरी १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत सलग ३० अँपिअर जातात. शिडीसारख्या आकाराच्या चॅसीवर केबिन वेगळी आणि हौदा वेगळा बसवलेला कुठलाही जुना पिकअप घेतला, तर हा दोष त्यात असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून या वेळची बहुतेक जागा त्यालाच.

लक्षण असं होतं. इंजिन सुरू केलं की चार्जर लगेच पूर्ण करंट घेई, आठ-दहा सेकंदांत बंद पडे, थोडं थांबून पुन्हा सुरू होई. बंद असताना इनपुटवर मीटर लावला तर १३.९ व्होल्ट, म्हणजे वरकरणी सगळं उत्तम. अडचण अशी की भार नसताना मोजलेलं व्होल्टेज या कामात काहीच सांगत नाही. तारेतून करंट वाहत नसेल तर ड्रॉपही (तारेत आणि सांध्यांत हरवणारं व्होल्टेज) शून्यच दिसणार, सांधा कितीही गंजलेला असो.

आता चार्जरच्या बाजूने हिशेब. बॅटरीकडे १४.२ व्होल्टवर ३० अँपिअर म्हणजे ४२६ वॅट. कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर इनपुटला साधारण ४८४ वॅट लागतात. हा आकडा चार्जर सोडत नाही. इनपुटचं व्होल्टेज जसजसं उतरतं तसतसा तो जास्त करंट ओढतो, जास्त करंटमुळे ड्रॉप आणखी वाढतो, आणि व्होल्टेज १२.५ या कट-ऑफखाली, म्हणजे चार्जर आपोआप बंद होतो त्या मर्यादेखाली, घसरतं. चार्जर बंद झाला की भार जातो, व्होल्टेज उसळून १३.३ च्या वर येतं, आणि चक्र पुन्हा सुरू.

अशा वेळी कट-ऑफची मर्यादा खाली आणा असा सल्ला सर्रास मिळतो. त्याला माझा ठाम विरोध आहे. मर्यादा खाली आणली की उघडझाप थांबते, पण हरवलेली ऊर्जा कुठल्यातरी सांध्यात उष्णता होऊन बाहेर पडतच राहते. मोजणीपुरती मर्यादा ११.५ वर आणणं मात्र गरजेचं आहे, कारण चार्जर सतत चालू राहिल्याशिवाय आकडे स्थिर होत नाहीत. मोजून झालं की ती जागच्या जागी परत न्यायची.

मोजायची पद्धत: इंजिन २००० फेऱ्यांच्या आसपास, चार्जर पूर्ण भारावर, मीटर डीसी व्होल्टवर. लाल पिन अल्टरनेटरच्या आउटपुट बोल्टवर, काळी चार्जरच्या धन इनपुटवर. जो आकडा येईल तो धन बाजूचा एकूण ड्रॉप. मग एक पिन अल्टरनेटरच्या धातूच्या अंगावर आणि दुसरी चार्जरच्या ऋण टर्मिनलवर. हा ऋण बाजूचा ड्रॉप. या दुसऱ्या मोजणीसाठी लांब वायर जोडावी लागते, म्हणून बहुतेक जण ती टाळतात, आणि निम्मं सर्किट न तपासताच चार्जरला दोष देतात.

अल्टरनेटरवर १४.० व्होल्ट, चार्जरच्या इनपुटवर १२.२, करंट सुमारे ४० अँपिअर. एकूण ड्रॉप १.८ व्होल्ट. त्यातला धन बाजूला ०.५ आणि ऋण बाजूला १.३! ऋण बाजू तुकड्यातुकड्याने मोजली तेव्हा हौदा ते चॅसी ०.८५, चॅसी ते इंजिन ब्लॉक ०.३० आणि उरलेला ०.१५ बाकीच्या सांध्यांत सापडला. हौदा आणि चॅसी यांच्यामध्ये ०.८५ व्होल्ट गुणिले ४० अँपिअर म्हणजे ३४ वॅट उष्णता. दिवसभर गाडी चालली तर तो सांधा किती तापेल याची कल्पना करा.

कारण बघायला गेलं तर सरळ आहे. चार्जरची ऋण तार जवळच्या हौद्याच्या पत्र्याला बोल्ट केलेली असते. पण हौदा चॅसीवर रबरी पॅडवर बसलेला असतो, बोल्टांच्या भोवती रंग आणि गंज. कारखान्यातून येणारी अर्थिंगची पट्टी टेललाइटपुरती, बारीक. दिव्यांच्या पाच-सात अँपिअरला ती पुरते, ४० ला नाही.

मग प्रश्न आला की चॅसीवर भरवसा ठेवायचा की ऋण तारही थेट पुढपर्यंत न्यायची. चॅसीचा गर्डर ४ मिमी जाडीचा, उलगडला तर सुमारे २७० मिमी रुंदीची पट्टी, म्हणजे १०८० चौ. मिमी पोलाद. पोलादाचा विद्युतरोध तांब्याच्या आठ-नऊ पट धरला तरी तो १२० चौ. मिमी तांब्याच्या बरोबरीचा वाहक झाला. इतकी जाड केबल कोणी टाकत नाही. थोडक्यात, चॅसी निर्दोष, दोष तिच्यावर येणाऱ्या सांध्यांचा.

त्यामुळे हौदा मधून काढून टाकला. चार्जरची ऋण केबल २५ चौ. मिमीची, थेट चॅसीच्या गर्डरवर, एम १० बोल्टने. चॅसी आणि इंजिन ब्लॉक यांच्यातली जुनी जाळीदार पट्टी तशीच ठेवून शेजारी ३५ चौ. मिमीची दुसरी जोडली. इंजिन रबरी माउंटवर हलतं, तेव्हा या पट्टीला ढील हवीच.

सांधा कसा करायचा यावर थोडं थांबतो, कारण इथेच सगळं ठरतं. थिंबलपेक्षा (केबलच्या टोकाला बसवलेल्या, बोल्टसाठी भोक असलेल्या धातूच्या तुकड्यापेक्षा) थोड्या मोठ्या वर्तुळात रंग आणि प्रायमर पूर्ण खरवडून चकचकीत धातू उघडा करायचा. थिंबल त्या धातूवर सपाट, मध्ये काहीही नाही. वॉशर थिंबलच्या वर, नटाखाली. स्टेनलेस वॉशर थिंबल आणि चॅसीच्या मध्ये घालण्याची पद्धत दिसते, ती घातक आहे: स्टेनलेसचा रोध तांब्याच्या सुमारे ४० पट. एकाच बोल्टवर अनेक थिंबल असतील तर सर्वात जास्त करंटचा सर्वात खाली. आवळून झाल्यावर वरून ग्रीस आणि मग रंग, आधी नाही. नटावर मार्करने रेघ ओढून ठेवली की सैल झालेला नट नजरेनेच कळतो.

क्रिंपिंगसाठी, म्हणजे थिंबल केबलवर दाबून पक्कं करण्यासाठी, षट्कोनी डायचा हायड्रॉलिक पंच घ्या. हातोडीने ठोकायचा पंच १६ चौ. मिमीच्या पुढे विश्वासाचा नाही. स्वस्त हायड्रॉलिक पंचांच्या डायवर लिहिलेला आकडा अनेकदा सैल असतो. २५ लिहिलेल्या डायमध्ये २५ चं थिंबल पूर्ण दबत नाही, एक माप खालची डाय वापरावी लागते. म्हणून प्रत्येक मापाचा एक नमुना दाबून करवतीने आडवा कापून बघायचा. तारांचे गोल वेगवेगळे दिसत असतील तर दाब कमी पडला. सगळं मिळून एकसंध धातू दिसला की डाय बरोबर. डाख देऊन थिंबल पक्कं करू नका. डाख तारेत वर चढतो, तो भाग कडक होतो आणि खडबडीत रस्त्यावरच्या कंपनांनी नेमका तिथेच तुटतो.

केबल घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियम तांब्याच्या सुमारे ६० टक्केच करंटवाहक, म्हणजे १६ म्हणून घेतलेली केबल जेमतेम १० चं काम करते. शिवाय क्रिंपखाली हळूहळू पसरून सैल होते. हातात घेतल्यावर केबल अपेक्षेपेक्षा हलकी वाटली तर संशय घ्याच. अस्सल तांब्याची वेल्डिंग केबल लवचीक असते आणि केबिन ते हौदा या हलत्या भागासाठी मला तीच आवडते, फक्त सायलेन्सरपासून दूर आणि कोरुगेटेड पाइपमधून न्यायला हवी. रबरी अस्तराच्या क्लिपा साधारण ३०० मिमीवर, आणि केबिन व हौदा यांच्यामध्ये एक सैल वळसा. दोन्ही भाग चॅसीच्या पिळाबरोबर वेगवेगळे हलतात.

धन बाजूचा ०.५ व्होल्टही तसा सोडवत नव्हता. साडेपाच मीटर १६ चौ. मिमी केबलचा हिशेब ४० अँपिअरला ०.२६ येतो. उरलेला ०.२४ फ्यूज, थिंबल आणि अँडरसन प्लगचा (जाड केबल जोडायचा-सोडायचा प्लग). ५० अँपिअरच्या प्लगची नेहमीची पिन साधारण १३ चौ. मिमीपर्यंतच्या तारेसाठी आहे. १६ ची केबल आत जात नाही म्हणून काही तारा छाटून घुसवल्या जातात, आणि तिथेच ड्रॉप होतो. त्या जागी १२० अँपिअरचा प्लग आला. त्याची पिन या केबलला नीट बसते.

नवे आकडे: धन बाजू ०.३५, ऋण बाजू ०.२५, चार्जरच्या इनपुटवर १३.४ व्होल्ट, करंट ४० वरून ३६ वर. त्याच भाराला अल्टरनेटरवरचा ताणही कमी झाला. हा ३६ चा आकडा पाहण्यात जे समाधान आहे ते ज्यांनी हे केलंय त्यांनाच कळेल.

फ्यूजबद्दल एवढंच: केबलच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, तेव्हा फ्यूजही दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी लगत. लिथियमच्या बाजूला क्लास टी, म्हणजे फार मोठा शॉर्ट सर्किट करंटही तोडू शकणारा फ्यूज. या बॅटरीचा शॉर्ट सर्किट करंट हजारो अँपिअरमध्ये जातो आणि लहान मिडी फ्यूज तो तोडू शकेलच याची खात्री नसते.

उघडझाप थांबल्यावर दुसरी गोष्ट उघड झाली. अर्ध्या-पाऊण तासाने आउटपुट ३० वरून २० च्या आसपास उतरायचं. हा दोष नव्हे. चार्जर स्वतःच ५५-६० वॅट उष्णता टाकतो आणि ड्रॉवरशेजारच्या बंद कप्प्यात ती साठत होती. चार्जर उभा लावला, त्याच्या अंगावरच्या उष्णता टाकणाऱ्या पट्ट्या (फिन) उभ्या दिशेत, चारही बाजूंना ५० मिमी मोकळं आणि कप्प्याच्या वर-खाली जाळी. आता शेवटपर्यंत ३०.

दिवसाचा हिशेब त्यामुळे बसतो. फ्रिज ४० अँपिअर-तास, लॅपटॉप १५, पंखा, दिवे आणि पाण्याचा पंप मिळून १०. हे ६५ अँपिअर-तास भरायला सव्वादोन तास ड्रायव्हिंग पुरतं. छतावर सपाट ठेवलेलं २०० वॅटचं पॅनल स्वच्छ उन्हात साधारण ५० देतं, म्हणजे एकाच जागी मुक्काम लांबला तरी चालेल. आधीच्या आराखड्यात दुसरी १०० ची बॅटरी होती. ती आता रद्द. तिच्या वजनाच्या जागी पाणी जास्त उपयोगाचं, आणि ६० लिटरची टाकी मागच्या ॲक्सलच्या पुढे, जमिनीलगत बसते आहे.

फ्रिज मध्येच बंद पडण्याची तक्रारही याच तत्त्वाने सुटली. कारखान्याच्या १२ व्होल्ट सॉकेटची बारीक तार सोडून फ्यूज बॉक्सपासून ६ चौ. मिमीची स्वतंत्र जोडी ओढली. बॅटरी अर्धी असतानाही कॉम्प्रेसर आता बिनतक्रार सुरू होतो.

बाकी किरकोळ. ड्रॉवरचा खडखडाट स्लाइडच्या शेवटी रबरी स्टॉपर आणि वळवून बंद होणारी कडी लावल्यावर गेला. कॅनोपीची (हौद्यावरच्या छपराची) गळती पुढच्या कडेची होती. जुना सील काढून ब्यूटिल पट्टी दिली आणि होजच्या पाण्याखाली थेंबही आला नाही.

हे लिहिताना एक विचार सुचला आणि तो आराखड्यात घालतो आहे. चार्जर इग्निशनच्या संकेत तारेने सुरू होतो. त्या तारेत डॅशबोर्डवर एक साधा स्विच घातला तर चार्जर हवा तेव्हा बंद ठेवता येईल. विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं विजेचं यंत्र) पूर्ण ओढीला तीन-चारशे अँपिअर घेते. तेव्हा अल्टरनेटर तिच्यासाठी मोकळा हवा. खडकांतून रांगताना इंजिन मंद, अल्टरनेटरचा पंखाही मंद आणि करंट पूर्ण, ही त्याला जाळणारी स्थिती. पाण्यातून जातानाही भार काढून ठेवणं चांगलं. स्विचशेजारी अल्टरनेटरच्या अंगावरच्या तापमान सेन्सरचा छोटा डिस्प्ले येईल.

आणि चॅसीवरचा तो ऋण सांधा. सध्या तो मागच्या चाकाच्या जवळ आहे, चिखल थेट तिथे उडतो. तो पुढे सरकवून गिअरबॉक्सच्या वरच्या पातळीला, गर्डरच्या आतल्या अंगाला न्यायचा. केबल दीड मीटरने वाढेल, ड्रॉप ०.०४ व्होल्टने. तेवढा परवडतो. हलवून झाल्यावर खडबडीत रस्त्यावर गाडी चालवून चारही सांध्यांचे ड्रॉप पुन्हा मोजायचे, नटांवरच्या रेघा तपासायच्या, आणि आकडे पुढच्या नोंदीत.