वेदीवरची राख

मंगळवार, पहाटे पाच

आई अजून झोपली आहे. चहाचं आधण ठेवून टेबलाशी बसले. सध्या रोजच्या वाचनात बायबलमधलं लेवीय हे पुस्तक चालू आहे. इतकी वर्षं या पुस्तकाची पानं मी भराभर उलटत आले. चरबी, रक्त शिंपडणं, पुन्हा चरबी. या खेपेला मात्र सहाव्या अध्यायाशी थांबले, ती तीन दिवस तिथेच आहे.

होमबलीचा, म्हणजे वेदीवर पूर्ण जाळायच्या अर्पणाचा, नियम आहे तिथे. बली रात्रभर वेदीवर जळत राहतो. सकाळी याजकाने, म्हणजे पुरोहिताने, तागाची वस्त्रं घालून काय करायचं, तर आधी राख काढायची. ती वेदीच्या बाजूला ठेवायची, मग कपडे बदलायचे आणि इस्राएली लोकांच्या छावणीबाहेर शुद्ध जागी नेऊन टाकायची. रोज सकाळी नवी लाकडं रचायची. अग्नी विझू द्यायचा नाही. पहिला मुख्य याजक अहरोन, त्याच्या घराण्यातला अभिषिक्त माणूस, आणि त्याच्या दिवसाची सुरुवात राख उचलण्याने!

मला आजीची चूल आठवली. उजाडायच्या आत ती चुलीपुढे बसायची. पत्र्याच्या तुकड्याने राख ओढून घ्यायची, तळाशी एखादा लाल निखारा सापडला की तो जपून कडेला सारायची, उरलेली राख भांडी घासायला डब्यात भरायची. ‘राख काढल्याबिगर जाळ धरत न्हाई,’ म्हणायची. कालची राख तशीच राहिली तर लाकडाखाली वारा खेळत नाही, नुसता धूर होतो आणि डोळे चुरचुरतात.

रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या एक मावशी मायेने म्हणाल्या, “आईसाठी केवढा त्याग करतेस गं!” तेव्हापासून तो शब्द टोचतोय. आदल्याच रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना मी आईवर खेकसले होते. ती काही बोलली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आणि त्याहून वाईट म्हणजे मनात एक हिशेब चालू असतो. मी एवढं करते, देव बघतोय, कुठेतरी जमा होतंय.

अर्पणाला हिब्रूत कोर्बान म्हणतात. आपल्या ओळखीच्या कुर्बानी या शब्दाचं ते भावंड. मूळ धातूचा अर्थ जवळ येणं. सोडणं, गमावणं हे त्यात नाहीच. इस्राएली माणूस कळपातलं निर्दोष जनावर घेऊन यायचा, त्याच्या डोक्यावर हात टेकवायचा, तो जवळ येण्यासाठी.

आणि पापासाठीचं अर्पण वेगळं, उपकारस्तुतीचं, म्हणजे देवाचे आभार मानायचं, वेगळं. पापासाठीचं अर्पण ख्रिस्ताने एकदाच, कायमचं केलं, असं बायबलच्या नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र सांगतं. ते खातं बंद झालं आहे. चादरी धुऊन मी त्यात दमडीची भर घालू शकत नाही, आणि घालायची गरजही नाही. हे मी लहानपणापासून शास्त्रपाठात ऐकत आले, पण काल रात्री मोरीत बसून कपडे घासताना ते पहिल्यांदा आत उतरलं. रडू आलं. बरं वाटलं.

मग माझ्या वाट्याला उरते ती उपकारस्तुती. तिचाही नियम मला फार आवडला. त्या अर्पणाचं मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. अख्खा बोकड एका घराला एका दिवसात कसा संपणार? शेजारीपाजारी, नातेवाईक बोलवावेच लागत असणार. आणि उद्यासाठी साठवण नाही. आजची उपकारस्तुती आजच.

ख्रिस्ताचा प्रेषित पौल, त्याने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलं, आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा. ते साधारण इ.स. 57 च्या सुमारास. यरुशलेमचं मंदिर तेव्हा उभं होतं, रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक कोकरू वेदीवर चढत होतं. इ.स. 70 मध्ये रोमी सैन्याने मंदिर जाळलं, आणि ती अर्पणं थांबली. पण पौलाने तो धूर डोळ्यांनी पाहिला होता. तरी त्याने शरीरं म्हटलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. नुसतं मन नाही. रात्री दोनला उठणारी कंबर, फिनाइलने खरखरीत झालेले हात, उचलताना करकरणारे गुडघे. देवाला तेही ग्रहणीय आहेत.

शनिवारचं खेकसणं अजून मनात साठून आहे. ती राख आधी काढायची. उठल्यावर आईची माफी मागणार आहे. तिला आठवत नसेल कदाचित, तरी मागणार.

आतून खोकल्याचा आवाज आला. उठली वाटतं.