क्यूबीएफचे पुरावे तपासताना: दोन क्लॉजांची कसोटी

क्यूबीएफ म्हणजे सत्य-असत्य चलांचं असं सूत्र, ज्यात प्रत्येक चलाला ∀ (‘प्रत्येक मूल्यासाठी’; चल सार्वत्रिक) किंवा ∃ (‘एखाद्या मूल्यासाठी’; चल अस्तित्वी) हा क्वांटिफायर असतो. ते सोडवणाऱ्या सॉल्व्हरने सूत्र ‘असत्य’ ठरवलं की त्याचा पुरावा पायरीपायरीने तपासणारा प्रोग्रॅम मी लिहिला. क्यू-रिझोल्यूशन या पुराव्याच्या पद्धतीचे नियम दोनच, १९९५ सालापासूनचे, त्यामुळे कोड लहान होतो. जपायचं असतं ते चलांच्या अवलंबनाला, म्हणजे कोणतं चल कोणाचं मूल्य बघून ठरतं याला. तिथे एक अट सैल राहिली की तपासनीस खोटा पुरावाही बिनतक्रार पास करतो. म्हणून सगळ्यात आधी मी हे सूत्र बाजूला काढून ठेवलं:

∀य ∃क्ष : (य ∨ क्ष) ∧ (¬य ∨ ¬क्ष)

कंसातला प्रत्येक गट म्हणजे क्लॉज; त्यातलं चल किंवा त्याचा निषेध (¬) म्हणजे लिटरल; ∨ म्हणजे ‘किंवा’, ∧ म्हणजे ‘आणि’. हे सूत्र सत्य आहे. य काहीही येवो, क्ष त्याच्या उलट ठेवला की झालं. यातून रिकामा क्लॉज, म्हणजे विसंगती, निघाला, तर चूक तपासनीसाची, हे नक्की.

पहिली खोट फाइल वाचतानाच सापडते. क्यूडीमॅक्स या फाइल-स्वरूपात ज्या चलाला क्वांटिफायर दिलेला नाही, ते सर्वांत बाहेरचं अस्तित्वी चल मानतात. क्षची ओळ निसटली, तर सूत्र ∃क्ष ∀य असं होतं. मग क्षला य न बघताच ठरावं लागतं आणि सूत्र खरोखर असत्य होतं. पुरावा बरोबर, पण भलत्याच सूत्राचा. म्हणून क्वांटिफायर नसलेलं चल दिसलं की माझा तपासनीस इशारा देतो.

आता नियम. रिझोल्यूशन म्हणजे एका क्लॉजमधलं चल आणि दुसऱ्यातला त्याचा निषेध काढून उरलेलं जोडणं; ते अस्तित्वी चलावर करायचं, त्याला पिव्हट म्हणतात. सार्वत्रिक लिटरल गाळायचा तो त्या क्लॉजमध्ये, प्रीफिक्सच्या (सुरुवातीच्या क्वांटिफायरच्या यादीच्या) क्रमाने, त्याच्या उजवीकडचं एकही अस्तित्वी चल उरलं नसेल तेव्हाच. शिवाय य आणि ¬य दोन्ही असलेला क्लॉज चालत नाही. साध्या रिझोल्यूशनमध्ये असा क्लॉज निरुपयोगी असतो, पण निरुपद्रवी. इथे तो घातक आहे: वरच्या दोन क्लॉजांचं क्षवर रिझोल्यूशन केलं की (य ∨ ¬य) येतो, दोन्ही लिटरल गाळले की रिकामा क्लॉज हातात. लाँग-डिस्टन्स रिझोल्यूशन या विस्तारित पद्धतीत असं एकत्रीकरण चालतं, पण य हा पिव्हटच्या उजवीकडे असेल तरच. इथे पिव्हट क्ष यच्या उजवीकडे आहे, म्हणून मनाई. ही तुलना उलटी लिहिली गेली तर हेच दोन क्लॉज ती उघडी पाडतात.

खरी मेहनत डिपेंडन्सी स्कीमची, म्हणजे कोणतं चल कोणावर अवलंबून असू शकतं ते ठरवणाऱ्या नियमाची. प्रीफिक्समध्ये उजवीकडे असणं म्हणजे अवलंबून असणंच असं नाही. ∀य ∃क्ष ∃झ : (य ∨ क्ष) ∧ (¬य ∨ झ) घ्या. स्टँडर्ड स्कीम फक्त जोडणी बघते, त्यामुळे तिच्या लेखी क्ष यवर अवलंबून आहे. रिफ्लेक्झिव्ह रिझोल्यूशन-पाथ स्कीम चिन्हंही बघते: यपासून क्षपर्यंत वाट (ती कशी काढायची ते पुढे) आहे, पण ¬यपासून ¬क्षपर्यंत नाही. उलट जोडीही जमत नाही. म्हणून अवलंबन नाही, आणि पहिल्या क्लॉजमधला य क्ष असतानाही गाळता येतो. छोटे क्लॉज, छोटे पुरावे. एवढ्याचसाठी ही खटपट.

हिशोब असा: प्रत्येक सार्वत्रिक चलासाठी दोन शोध, एक य पासून, एक ¬य पासून. एका लिटरलने क्लॉजमध्ये शिरायचं, वेगळ्या चलाच्या लिटरलने बाहेर पडायचं, आणि पुढे त्याच्या निषेधाने शिरायचं. मधलं चल मात्र अस्तित्वी आणि यच्या उजवीकडचं हवं. ही ‘उजवीकडचं’ अट विसरली तर अवलंबनं जास्त निघतात. त्याने पुरावा चुकत नाही, फक्त फायदा जातो. धोका आहे तो भेट दिल्याची खूण लिटरलऐवजी चलावर करण्यात, आणि दुसऱ्या शोधाआधी ती न पुसण्यात. आपल्या सूत्रात पहिला शोध क्षवर खूण करतो, दुसरा ¬क्षला वगळतो, अवलंबन नोंदलंच जात नाही. मग दोन्ही क्लॉजांतून य गळतो, (क्ष) आणि (¬क्ष) उरतात, आणि सत्य सूत्राचं ‘खंडन’ तयार! हा शोध नेहमी मूळ सूत्रावर चालवा. प्रीप्रोसेसरने (सोडवण्याआधी सूत्र सोपं करणाऱ्या प्रोग्रॅमने) बदललेल्या सूत्रावर काढलेली अवलंबनं मूळ सूत्राच्या पुराव्यात वापरू नयेत. ते बदल तपासायचे तर क्यूआरएटीसारखी, असे बदलही नोंदणारी पुरावा-पद्धत लागते.

पायऱ्या पास झाल्यावर मी सार्वत्रिक खेळाडूची, म्हणजे ∀ चलांची मूल्यं निवडून सूत्र असत्य करू पाहणाऱ्याची, रणनीतीही काढतो. पुराव्याच्या क्रमाने जाताना, यचं लिटरल गाळून उरलेला क्लॉज जिथे पहिल्यांदा असत्य होतो, तिथे तो लिटरल असत्य होईल असं मूल्य यला द्यायचं. ही फलनं मूळ क्लॉजांत घालून सॅट सॉल्व्हर (क्वांटिफायर नसलेली सूत्रं सोडवणारा) चालवला की ‘अनसॅट’, म्हणजे समाधान नाही, असं उत्तर आलं पाहिजे. पण डिपेंडन्सी स्कीम वापरलेल्या पुराव्यात उरलेल्या क्लॉजमध्ये यच्या उजवीकडचं चलही असू शकतं. मग यचं मूल्य अजून न ठरलेल्या चलावर टेकतं आणि चक्र तयार होतं. अशा पुराव्यांसाठी मी ही पायरी सोडतो आणि रिफ्लेक्झिव्ह रिझोल्यूशन-पाथ स्कीम क्यू-रिझोल्यूशनमध्ये सुरक्षित आहे या स्लिव्होव्स्की आणि सेडर यांच्या प्रमेयावर विसंबतो.