संमतीपत्र आणि मावशीची सही

पीएच.डी.चा विषय निवडताना वाटलं होतं, हे तर घरचंच काम. तिवसा तालुक्यात माझं माहेर, तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज मोझरीचा आश्रम जवळच. महाराजांची सामुदायिक प्रार्थना मी परकर घालायच्या वयापासून म्हणते. तिचाच समाजशास्त्रीय अभ्यास करायचा होता.

पहिला दणका विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे बसला. रूपरेषा मांडून झाली आणि एका सदस्यांनी विचारलं, "म्हणजे देव आहे की नाही, हे तुम्ही सिद्ध करणार?" मी गडबडले. देवाचं अस्तित्व हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न. समाजशास्त्रात अभ्यासकाने श्रद्धेचं खरंखोटं बाजूला ठेवायचं आणि त्या श्रद्धेपायी माणसं काय करतात, काय उभारतात ते पाहायचं, असं समाजशास्त्रज्ञ पीटर बर्जर यांनी १९६७ सालीच लिहून ठेवलंय. हे सगळं मला परतीच्या एसटीत आठवलं! रूपरेषा दुरुस्तीला परत आली.

मग गावात गेले, हातात छापील संमतीपत्रं घेऊन. दिवस कापूस वेचणीचे, त्यामुळे बाया भेटणार त्या दिवेलागणीनंतरच. शेजारच्या मावशीकडून सुरुवात केली. तिने कागद उलटासुलटा करून पाहिला. "सही कायले पायजे? कर्जाचं हाय का?" बँक आणि सोसायटीच्या कागदांनी पोळलेल्या गावात सहीची भीती असणारच, माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी मार्गदर्शकांनी तोंडी संमती रेकॉर्ड करायची परवानगी मिळवून दिली. पण मुलाखत तरी कुठे पुढे सरकत होती? प्रार्थनेत काय काय करता, असं विचारलं की मावशी म्हणे, "मले काहून इचारतं? तूच तं माह्या बाजूले बसत होती." बाहेरून आलेल्या अभ्यासकाला भाबडे प्रश्न शोभतात. गावच्या पोरीने विचारले की थट्टा वाटते. मग मी प्रश्नच सोडून दिले, मावशीसोबत तुरीच्या शेंगा सोलत बसले आणि तिला तिच्या लग्नाआधीच्या प्रार्थनेचं सांगायला लावलं. ते मला खरंच माहीत नव्हतं.

प्रश्नावलीतला सगळ्यात सोपा प्रश्न मी पहिला ठेवला होता: तुमचा धर्म कोणता? मावशी अडखळली. "म्हंजे जात का?" मग स्वतःच, "आपलं देवाधर्माचं सारंच करतो ना व." रोज प्रार्थनेला बसणारी बाई, पण ते 'धर्म' या रकान्यात बसतं असं तिला वाटतच नव्हतं. त्याच संध्याकाळी पलीकडच्या वस्तीतल्या काकूंना तोच प्रश्न केला. प्रश्न संपायच्या आत उत्तर: "बौद्ध." त्यांचे सासरे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला होते. दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा काकूंनी मला घडाघडा म्हणून दाखवल्या. एका घरात धर्म विचार करून, जाहीरपणे पत्करलेली गोष्ट. दुसऱ्या घरात त्याला वेगळं नावही नाही, तो कामधंद्यात मिसळून गेलेला. आणि माझ्या प्रश्नावलीत दोघींसाठी एकच चौकोन! माझं चौथं प्रकरण त्या एका संध्याकाळवर उभं आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल डर्खाइम यांच्या धर्माविषयीच्या १९१२ च्या सिद्धान्तात सगळं बसवायचा मोहही खूप झाला. माणसं एकत्र जमतात, नाचतात, आरोळ्या देतात आणि त्या सामूहिक उन्मादातून पवित्र काय ते ठरतं, असं ते म्हणतात. पण पुण्यतिथी महोत्सवात मोझरीला ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराजांच्या निर्वाणाच्या वेळेला, हजारो माणसं एकदम गप्प होतात. सोयाबीनची कापणी अर्धी टाकून आलेली माणसं. शांततेतही तोच उन्माद असू शकतो का? मी तेव्हाच्या टिपणात नुसतं 'रडू आलं' एवढंच लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी लाल शाईने विचारलं, "हे निरीक्षण आहे की भक्ती?" दोन्ही होतं. तेच पद्धतीशास्त्राच्या प्रकरणात लिहिलं, खोडलं नाही.

बाकीच्याचं काय सांगू! मुलाखती कागदावर उतरवायला आठ महिने लागले. वऱ्हाडी बोली 'शुद्ध' करा म्हणून एकांनी सुचवलं, ते मात्र मी ऐकलं नाही. वाङ्मयचौर्य तपासणी झाली, मौखिकी झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अर्धा वेळ त्या शांततेवरच घालवला.

बांधलेला प्रबंध घेऊन मावशीकडे गेले. तिने चष्मा लावला, दोन-चार पानं चाळली.

"माहं नाव कुठी हाय?"

संशोधनात खरी नावं द्यायची नसतात, तुझं नाव बदललंय, असं समजावलं.

"मंग सांगतलं कायले म्या?" म्हणाली, आणि प्रबंध बाजूला सारून चहा ठेवायला उठली. माझ्याशी मात्र दोन दिवस धड बोलली नाही.