खाडा आणि प्रश्नावली

पदव्युत्तर नर्सिंगच्या प्रबंधांचे विषय ठरवण्याचे दिवस आले, की माझ्या टेबलावर येऊन पडणाऱ्या कागदांपैकी निम्म्याहून अधिक कागदांवरचे शीर्षक मी न वाचताच सांगू शकते. अमुक आजाराविषयीच्या संरचित शिक्षण कार्यक्रमाची, तमुक गटातील स्त्रियांच्या ज्ञानावर होणारी परिणामकारकता. आधी चाचणी घ्यायची, मग तक्ते लावून पाऊण तास शिकवायचे, आठवड्याने पुन्हा तीच चाचणी घ्यायची आणि गुण वाढल्याचे टी-चाचणी या संख्याशास्त्रीय कसोटीने दाखवून द्यायचे. गुण वाढतातच, कारण आपणच सांगितलेली उत्तरे आपणच आठवड्याने परत विचारलेली असतात. सामुदायिक आरोग्य परिचर्या हा विषय मी बरीच वर्षे शिकवते आहे आणि अशा कितीतरी प्रबंधांवर मार्गदर्शक म्हणून माझीच सही आहे, त्यामुळे ही तक्रार मी दुसऱ्या कोणाविरुद्ध करत नाही.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने ऊसतोड कामगार स्त्रियांचे मासिक पाळीतील स्वच्छतेविषयीचे ज्ञान हा विषय आणला, तेव्हाही मी तो फारशी खळखळ न करता मंजूर केला. ‘दुर्बल घटक’ हा शब्द शीर्षकात आला, की संशोधन आपोआपच समाजोपयोगी वाटू लागते. प्रश्नावली तयार झाली, पाच तज्ज्ञांनी ती तपासून दिली, संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी आली, आणि पूर्वचाचणीसाठी आम्ही दोघी पश्चिम महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या परिसरात, कालव्याच्या कडेला उतरलेल्या टोळीवर जाऊन पोहोचलो.

ज्यांनी हे जग जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव अशा जिल्ह्यांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून टोळ्या निघतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत किंवा थेट कर्नाटकात जाऊन उतरतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलच्या सुमारास त्या परततात. निघण्यापूर्वी मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते आणि ती नवरा-बायको मिळून एका कोयत्याच्या हिशेबाने दिलेली असते. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. हंगामभर जेवढा ऊस तोडला जाईल तेवढ्यातून ती उचल फिटत जाते आणि फिटली नाही तर पुढच्या वर्षावर जाते. कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याचा दंड पडतो. बाई आजारी असली, बाळंत झालेली असली किंवा तिच्या पोटात दुखत असले, तरी हिशेबाच्या वहीत त्या दिवसापुढे खाडाच लिहिला जातो.

पहिल्या दिवशी आम्ही दुपारी उसाच्या फडात गेलो, ही पहिली चूक. पहाटे तीन-चारला उठून, भाकरी बडवून, अंधारात फडावर आलेली बाई दुपारी मोळ्या बांधून त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहत असते, आणि त्या वेळी तिच्यासमोर आम्ही पाच पर्यायांची मापनश्रेणी धरली : पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. तिघींनी सगळ्या विधानांना ‘हो’ म्हटले. चौथीने विचारले, “तुम्हाला कंचं पायजे, ते लिवा की.” संध्याकाळी आम्ही कोप्यांवर गेलो. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्यांवर ताडपत्री किंवा पाचट घालून उभारलेले, आत वाकून शिरावे लागेल असे खोपटे. एका कोपीसमोर साधारण पंचविशीची बाई पाचट पेटवून चुलीवर भाकरी भाजत होती. विद्यार्थिनी तिच्याशेजारी बसली आणि बारावा प्रश्न वाचला : पाळीच्या काळात वापरलेले कापड धुतल्यानंतर कोठे वाळवावे?

“उन्हात,” ती भाकरी उलटत म्हणाली. “शाळेत शिकलेय, ताई, नववीपर्यंत. पण ऊन हितं येतं तवा मी फडात आसते. अन् फडात समदी माणसं. मग वाळवायचं कुठं, ते बी लिवलंय का त्यात?”

त्यात ते लिहिलेले नव्हते. बाराव्या प्रश्नाचे तिला पूर्ण गुण मिळाले. मग तिने कोपीच्या आतल्या बाजूला, ताडपत्री आणि कामट्या यांच्या फटीत खोचलेले कापड दाखवले. ते हाताला दमट लागत होते. जननमार्गाला वारंवार होणारा संसर्ग, अंगावरून पांढरे जाणे, कंबरदुखी, लघवीची जळजळ यांची कारणे आम्ही चाचणीतल्या गुणांमध्ये शोधत होतो. तिच्या ज्ञानात काहीच उणे नव्हते. तिच्याजवळ नव्हते ते ऊन, आडोसा, पाणी आणि दिवसातून दोनदा कापड बदलण्याइतका मोकळा वेळ.

परतीच्या एसटीत मी विद्यार्थिनीला जॅकलिन फ्लॅस्करूड आणि बेटी विन्सलो या दोन परिचर्या-संशोधकांनी दुर्बल घटकांच्या आरोग्याविषयी १९९८ मध्ये मांडलेल्या प्रतिमानाविषयी पुन्हा बोलते केले. परीक्षेपुरते ते तिला पाठ होतेच : साधनांची उपलब्धता, सापेक्ष जोखीम आणि आरोग्याची स्थिती, हे तीन घटक आणि त्यांच्यामधले बाण. साधने जेवढी कमी तेवढी जोखीम अधिक, जोखीम अधिक तेवढे आरोग्य खालावलेले, आणि खालावलेले आरोग्य पुन्हा उरलीसुरली साधने खाऊन टाकते. मी तिला विचारले की यात उचल कुठे बसते आणि खाडा कुठे बसतो. थोडा वेळ खिडकीबाहेर पाहून ती म्हणाली, “मॅडम, खाडा तर त्या शेवटच्या बाणावर बसतो. आजारी पडलं की दंड, दंड पडला की पैसे कमी, पैसे कमी की दवाखाना नाही.” वर्गात तीन वर्षे फळ्यावर काढून मला जमले नव्हते, ते तिने एका वाक्यात सांगितले होते. ज्ञान हाही या प्रतिमानात साधनांचाच एक भाग आहे, परंतु अनेकांपैकी एक. आमच्या प्रबंधांनी तेवढाच उचलून बाकीचे सोडून दिले आहेत. कारण उघड आहे. ज्ञान मोजायला सोपे असते, आणि ते वाढवल्याने कोणाचीही गैरसोय होत नाही.

ऊसतोड स्त्रियांच्या बोलण्यात ‘पिशवी काढली’ हे शब्द इतक्या सहजपणे येतात, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या ते लक्षातच येत नाही. २०१९ मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून बराच गदारोळ झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली, आणि बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली असल्याचे पुढे आले. म्हणजे जवळजवळ १७ टक्के. २०१५-१६ च्या चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून लिहिलेले लेख बरेच वाचले, आणि शिक्षिकेच्या सवयीने प्रत्येक वेळी समासात लिहावेसे वाटले की दोन्ही ठिकाणचे वयोगट आणि निवडीची पद्धत एकच आहे का, ते आधी पाहावे. एवढी सावधगिरी बाळगूनही हे अंतर मोठेच राहते.

या शस्त्रक्रियांविषयीही आपण पहिला प्रश्न ज्ञानाचाच विचारतो : तिला दुष्परिणाम माहीत होते का? बीजांडकोशही काढले गेले तर तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, हे तिला कोणी नीट सांगितलेले नसते हे खरे, आणि सांगणे हे आमचे काम आहे हेही खरे. परंतु त्याच टोळीतली एक बाई, माझ्याहून वयाने लहान आणि दिसायला मोठी, मला म्हणाली होती, “पिशवी काढली, आता दर म्हैन्याची कटकट न्हाई, खाडा न्हाई.” दर महिन्याच्या दुखण्याने आणि संसर्गाने बुडणारे दिवस, पुन्हा पुन्हा डॉक्टरकडे जाणारा पैसा आणि कर्करोगाची घातलेली भीती, हा सगळा हिशेब तिने तिच्या परीने मांडला होता. तिला अज्ञानी म्हणणे मला अवघड जाते. तिच्यासमोर दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता, आणि संशोधनाने शोधायचे ते हे, की तो कोणी आणि कुठे बंद केला.

आता दुसऱ्या चुकीविषयी, जी सांगताना मला अजूनही संकोच वाटतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार, लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती घेताना एक निःपक्ष साक्षीदार हजर असावा लागतो. नंतर कागद चाळताना माझ्या लक्षात आले, की पहिल्या दिवशीच्या पाच संमतीपत्रांवर अंगठ्यांशेजारी एकच सही आहे आणि ती मुकादमाची आहे. त्या वेळी फडात सही करता येणारा आणि रिकामा असणारा तो एकटाच माणूस होता. त्याने आनंदाने सही केली, बायांना हाकाही मारून दिल्या. ज्याच्या वहीत त्या बाईची उचल आणि खाडा लिहिलेला असतो, तोच माणूस ती स्वखुशीने उत्तरे देत असल्याची ग्वाही देत होता. ते पाचही कागद आम्ही रद्द केले, नीतिमत्ता समितीला लेखी कळवले, आणि समितीकडून ‘नोंद घेतली’ असे एका ओळीचे उत्तर आले.

परिचारिकांनी या बाबतीत अधिक सावध असायला हवे, याचे कारण आमच्याच इतिहासात आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात १९३२ पासून १९७२ पर्यंत टस्कीगीचा कुप्रसिद्ध अभ्यास चालला. उपदंश झालेले ३९९ आणि न झालेले २०१ गरीब कृष्णवर्णीय पुरुष त्यात होते, त्यांना खरे निदान सांगितले गेले नाही आणि १९४० च्या दशकात पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते दिले गेले नाही. या माणसांना इतकी वर्षे अभ्यासाशी बांधून ठेवणारा दुवा म्हणजे युनिस रिव्हर्स ही परिचारिका. ती स्वतः कृष्णवर्णीय होती, त्यांना आपल्या गाडीतून तपासणीला नेत असे, घरच्यांची विचारपूस करत असे, आणि शवविच्छेदनाला संमती मिळवण्याच्या बदल्यात अंत्यविधीच्या खर्चाची सोय पाहत असे. १९५३ मध्ये या पाठपुराव्याच्या अनुभवावर प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात पहिले नाव तिचेच आहे. तो निबंध वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यातली माया खोटी वाटत नाही. डॉक्टरांच्या उतरंडीत अगदी खालच्या पायरीवर असलेल्या त्या स्त्रीला खलनायिका ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. मात्र चुलीशेजारी बसकण मारून, भाकरीची चौकशी करून जो विश्वास आम्ही दहा मिनिटांत मिळवतो, तो कोणाच्या कामी येणार आहे, हे मी तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थिनीला विचारते.

पुढच्या फेरीला आम्ही पंधरवड्याने गेलो. मधल्या काळात, पहिल्या फेरीत घेतलेल्या रक्ताच्या तपासणीचे निकाल आले होते आणि दोघींचे हिमोग्लोबिन इतके कमी होते की त्यांना तातडीने दवाखान्यात पाठवणे भाग होते. कालव्याच्या कडेला चुलींचे काळे दगड आणि वाळलेले पाचट तेवढे उरले होते. टोळी पुढच्या फडाकडे सरकली होती. फोन नंबर होता तो एकट्या मुकादमाचा. त्याला निकाल सांगितला तर गोपनीयता मोडते आणि कदाचित त्या बाईचे कामही जाते. न सांगितला तर आम्ही रक्त कशाला काढले होते, याला उत्तर राहत नाही. शेवटी दोन दिवस फिरून, शेजारच्या गावातील आशाताईंच्या मदतीने ती टोळी शोधली. त्या गावच्या उपकेंद्रातल्या एएनएम (सहायक परिचारिका) सिस्टरांच्या नोंदवहीत या बायांची नावे नव्हती, आणि त्यांच्या मूळ गावच्या वहीत त्यांच्यापुढे ‘स्थलांतरित’ एवढाच शेरा असणार. लसीकरण असो, गरोदरपणाची नोंद असो, दोन्ही गावांची टक्केवारी या बायांना वगळून व्यवस्थित भरते.

प्रबंधाचे शीर्षक बदलायला विद्यापीठाकडून तीन महिने लागले. आता रक्त तपासायचे ते जागेवरच, छोट्या यंत्रावर, आणि निकालाची चिठ्ठी त्याच वेळी तिच्या हातात द्यायची, असे आम्ही ठरवले. साक्षीदार म्हणून त्या गावच्या अंगणवाडी सेविका येऊ लागल्या. मुलाखत संध्याकाळी सातनंतर, आणि ती भाकरी करत असेल तर ती करू द्यायची. प्रश्न अर्धवट राहिले तर अर्धवट नोंदवायचे. गुण देण्याचा रकाना काढून टाकला, त्यावर मात्र बाहेरच्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत बराच आक्षेप घेतला आणि विद्यार्थिनीचे गुण त्यामुळे थोडे कमी झाले असावेत, असे मला वाटते. नव्या मुलाखतीत एकूण नऊच प्रश्न होते. त्यांतला पहिला विद्यार्थिनीने स्वतः लिहिला होता : “काल पहाटे किती वाजता उठलात, आणि त्यानंतर लघवीला पहिल्यांदा कधी जाता आलं?”