बाविशीतले ग्रेटेस्ट हिट्स

वयाच्या 22व्या वर्षी एखाद्या गायकाचा 'ग्रेटेस्ट हिट्स', म्हणजे गाजलेल्या गाण्यांचा संग्रह, निघावा, म्हणजे जरा घाईच झाली. पण 1958 साली कोलंबिया रेकॉर्ड्स या कंपनीने अमेरिकन गायक जॉनी मॅथिसच्या बाबतीत नेमकं हेच केलं. त्याचा पहिला अल्बम येऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. त्याआधी हा पोरगा उंच उडी मारायचा. 1956मध्ये ऑलिंपिकच्या निवड चाचणीचं बोलावणं आलं आणि त्याच सुमारास न्यूयॉर्कहून रेकॉर्डिंगचंही. तो न्यूयॉर्कला गेला.

'जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स'मध्ये गाणी 12. सगळीच काही तुफान गाजलेली नव्हती. एका तबकडीच्या मागच्या बाजूला भरतीला टाकलेलं गाणंही त्यांनी गुपचूप या बड्या मंडळींत बसवून दिलं होतं. युक्ती मात्र अचूक होती. त्या काळी गाजणारं गाणं मिनिटाला 45 फेरे घेणाऱ्या छोट्या तबकडीवर मिळायचं. एक गाणं संपलं की उठा, बाजू बदला. आणि मॅथिसची गाणी तर अशी, की ऐकताना उठावंसंच वाटू नये! ती एलपीवर, म्हणजे एका बाजूला बरीच गाणी मावणाऱ्या मोठ्या तबकडीवर, सलग मिळाल्यावर लोक घेतच राहिले. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-मासिकाच्या खपाच्या यादीत हा अल्बम एकूण 490 आठवडे होता, म्हणजे नऊ वर्षांहून जास्त. मधे बीटल्स आले, केस वाढले, पँटी बदलल्या. हा आपला यादीत आहेच. कंपनीला दम कुठला? 1959मध्येच 'मोअर जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स' बाजारात हजर.

कंपनीच्या दृष्टीने अशा संग्रहाहून गोड माल नाही. स्टुडिओचा खर्च आधीच झालेला, वादक बिदागी घेऊन घरी गेलेले, जाहिरात रेडिओने केलेली. पुढे चलाखी वाढली. 1990मध्ये मॅडोनाचा 'द इमॅक्युलेट कलेक्शन' आला, त्यात 17 गाणी आणि त्यांतली 2 कोरी. जुनं सगळं कपाटात असलेला चाहताही मग त्या दोघांपायी पुन्हा खिशात हात घालणार. जगभर 3 कोटींच्या आसपास प्रती खपल्या म्हणतात.

दर्दी मंडळी अशा संग्रहांना नाकं मुरडतात. खरा गायक कळतो तो न गाजलेल्या गाण्यांत, असं त्यांचं म्हणणं. मला ते अर्धंच पटतं; गाजलेलं गाणंही त्यानेच गायलेलं असतं की! माझी कुरकुर वेगळी आहे. एकामागून एक नुसती शिखरंच आली की तिसऱ्या-चौथ्या गाण्याशी कान दमतात. जरा बेताचं, कुणाला फारसं न आठवणारं गाणं मधे आलं, की पुढचं उठून दिसतं. मॅथिसच्या त्या अल्बममध्ये ही सोय आपोआप झाली होती, कारण पुरेशी गाजलेली गाणी जमायच्या आतच तो काढलेला.

आता ॲपवर गायकाचं नाव शोधलं की त्याची लोकप्रिय गाणी आकड्यांच्या उतरत्या क्रमाने समोर येतात. हिशेब चोख असतो, आणि मागच्या बाजूचं गाणं मधे घुसवायला तिथे कुणी बसलेलं नसतं.