वरचं डांबर, खालचं डांबर

वाघोलीच्या पुढे आमचा हॉटमिक्स प्लांट, म्हणजे रस्त्यासाठी खडी आणि गरम डांबर मिसळायचा कारखाना आहे आणि मी तिथल्या लॅबमध्ये काम करते. मार्चअखेरची गोष्ट. कात्रजच्या बाजूला एका रस्त्यावर बीसीचा, म्हणजे बिटुमिनस काँक्रीटचा (डांबर-खडीच्या मिश्रणाचा) ४० मिलिमीटरचा वरचा थर टाकायचा होता, तोही टायरचं रबर मिसळलेल्या डांबराचा, म्हणजे सीआरएमबी ५५ चा. काम रात्रीचं.

डांबराचा टँकर प्लांटच्या टँकमध्ये रिकामा झाला आणि त्याच संध्याकाळी अवकाळी कोसळला. दोन रात्री काम बंद, डांबर टँकमध्ये गरम उभं. टँकमधलं डांबर ढवळणारा ॲजिटेटर आठवड्यापूर्वीच बिघडला होता. मी दोनदा सांगितलं होतं, पण तोंडी.

साधं डांबर असतं तर मी एवढी धास्तावले नसते. पण टायरचा भुगा डांबरात विरघळत नाही. डांबरातलं हलकं तेल पिऊन तो भिजवलेल्या साबुदाण्यासारखा फुगतो, आणि कण कणच राहतो. ढवळणं थांबलं की तळाला बसतो.

तिसऱ्या रात्री डांबर किती अंशांना मऊ होतं ते बघायला टँकच्या नेहमीच्या मधल्या कॉकमधून (तोटीतून) नमुना घेतला. पितळी कड्यांत डांबर ओतायचं, थंड झालं की गरम सुरीने वरून सपाट कापायचं, प्रत्येकावर साडेतीन ग्रॅमची पोलादी गोळी ठेवायची आणि पाणी मिनिटाला बरोबर ५ अंशांनी तापवायचं. डांबर मऊ होऊन गोळीसकट खालच्या पट्टीला टेकलं, तापमान ५७. किमान ५५ हवं. पास. प्लांट सुरू झाला.

थोड्या वेळाने ऑपरेटर काका लॅबच्या दारात आले. "मॅडम, पंप जड ओढतोय." आमच्याकडच्या कुठल्याही मीटरपेक्षा माझा त्यांच्या कानावर जास्त विश्वास आहे. मी टँकवर चढून वरचा नमुना काढला, खालचा ड्रेनमधून घेतला. वर रबर कमी म्हणून ५१, तळाला रबर साचून ६६. आणि पंप ओढतो तळातूनच.

ही टेस्ट नीट करायची तर तासभर जातो. तेवढ्यात चार डंपर ताडपत्री टाकून निघून गेले होते. साइटवरून फोन आला, माल कोरडा दिसतोय, खडीच्या कडा उघड्या आहेत. मी प्लांट बंद करायला लावला.

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "सरासरी तर पास आहे ना?" हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. रस्त्यावर आपण सरासरी टाकत नाही, एकेक डंपर टाकतो. मग तो म्हणाला, २०० अंशांपर्यंत तापवा, होईल एकजीव. तेवढ्या तापमानाला रबर तुटतं, त्याचा लवचीकपणा जातो, आणि ज्यासाठी ते घातलं तेच हातातून निसटतं. शेवटी १७५ ला धरून पंपाने डांबर रात्रभर टँकमधल्या टँकमध्ये फिरवलं. सकाळी वर ५६, खाली ५९.

चार डंपरांवर मात्र रोलर फिरून गेला होता. प्रत्येकी १६ टन, म्हणजे सात मीटर रुंदीवर जेमतेम ९५ मीटर. मी ते उखडा म्हणाले. वरून निरोप आला, कोअर (थराचा गोल कापलेला तुकडा) काढून घनता बघा. घनता पास झाली. पण डांबराने खडी नीट धरली आहे की नाही, हे घनता सांगत नाही आणि हे त्यांनाही ठाऊक आहे. रजिस्टरमध्ये आकडा ५७ च राहिला. शेऱ्याच्या रकान्यात ५१ आणि ६६ मी माझ्या हाताने लिहिले.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाल्यावर रविवारी स्कूटरवरून तिथे गेले. चाकं जातात त्या पट्ट्यात खाली बसून हात फिरवला. खडीचे दाणे नखाने निघत होते. दोन उचलून पाहिले. एका बाजूला डांबर, दुसऱ्या बाजूला कोरा करडा दगड. पुढच्या शंभर मीटरवर, फिरवून घेतलेल्या मालात, एकही दाणा हलला नाही.

सोमवारी ते दोन दाणे आणि चेनेज (रस्त्यावरचं नेमकं अंतर) लिहिलेलं पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं. ॲजिटेटरचंही त्यातच लिहिलं, या वेळी लेखी. उत्तर अजून आलेलं नाही.